नगरपंचायत झाली की घरटॅक्स चौपट, सातबारा बंद? त्या मेसेजमधलं खरं आणि खोटं

नागपूरभोवतीच्या गावांत हा मेसेज फिरतो आहे: ‘शेजारची गावं जोडून नगरपंचायत झाली की लगेच घरटॅक्स चौपट, सातबारा बंद, शेती आपोआप एनए (बिगरशेती), रेशन कार्ड रद्द, रोजगार हमी संपली. ग्रामसभेत ठराव घ्या, सगळं थांबेल.’ यातला रोजगार हमीचा मुद्दा तेवढा खरा आहे. बाकीच्या भीतीपायी लोक नको तिथे भांडतात आणि हरकतीची मुदत हातची जाते.

घरटॅक्सचं आधी. नगरपंचायतीची अधिसूचना निघाली म्हणून दर बदलत नाही. घरांचं मोजमाप, करयोग्य मूल्य, यादीची प्रसिद्धी, हरकतींची सुनावणी, एवढं झाल्यावरच नवी आकारणी लागू होते. वाढ होते, हे लपवण्यात अर्थ नाही. जुन्या वहीत कौलारू लिहिलेल्या घरावर आज स्लॅब असेल, तर फरक पडणारच. शिवाय शिक्षण कर लागतो. नोटीस आली की क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर तपासा. समोरच्या एका खोलीत किराणा आहे म्हणून अख्खं घर व्यावसायिक लावलेलं असेल, तर तिथेच हरकत घ्या.

खरा घोळ वह्या एकत्र करताना होतो. बेसा-पिपळा किंवा बिडगाव-तरोडी-पांढुर्णा अशा जोडगावांचा विचार करा. प्रत्येक ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरटॅक्स आकारणीची नोंदवही) वेगळा, म्हणजे घर क्रमांक 112 दोन्ही गावांत असू शकतो. मग एकाची थकबाकी दुसऱ्याच्या नावावर चढते. दप्तर हस्तांतरित होण्याआधी नमुना 8 ची प्रमाणित नक्कल घ्या, टॅक्स पावत्या जपून ठेवा.

सातबारा महसूल खात्याचा; नगरपंचायत तो बंद करू शकत नाही. शेतीही आपोआप एनए होत नाही. प्लॉट विकणारे याच्या उलट सांगतात, ‘नगरपंचायत झाली, आता ले-आउट कायदेशीर.’ तेही तितकंच खोटं. मंजुरी नसलेला ले-आउट तसाच राहतो आणि टॅक्स पावतीने मालकी सिद्ध होत नाही.

रेशनसाठी प्राधान्य कुटुंबाची (स्वस्त धान्याला पात्र कुटुंबाची) वार्षिक उत्पन्न मर्यादा ग्रामीण भागात 44,000 रुपये, शहरी भागात 59,000. म्हणजे ती वाढतेच.

केंद्राची रोजगार हमी मात्र जाते, कारण ती ग्रामीण क्षेत्रापुरतीच आहे. घरकुलाचीही योजना बदलते: ग्रामीणचं मूळ अनुदान 1.20 लाख, शहरीचं 2.50 लाख. पण शहरीसाठी नव्याने अर्ज करावा लागतो आणि जागेच्या मालकीचा कागद लागतो. नुसत्या नमुना 8 वर राहणारी गावठाणातली कुटुंबं इथेच अडकतात.

सर्वांत मोठं नुकसान तर मेसेजमध्ये नाहीच: ग्रामसभा संपते. सरपंचाला समोर उभं करून हिशेब मागायची कायदेशीर जागा उरत नाही. मतही जिल्हा परिषदेऐवजी नगरपंचायतीला.

आता ठरावाचं. ग्रामसभेच्या ठरावाने अधिसूचना आपोआप थांबत नाही. प्रारूप अधिसूचनेनंतर 30 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत द्यावी लागते, आणि ती कायद्याच्या निकषांवर हवी. लोकसंख्या 10,000 ते 25,000. महापालिका किंवा ‘अ’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून 25 किलोमीटरच्या आत असाल तर किमान 25 टक्के रोजगार बिगरशेती, त्यापलीकडे 50 टक्के. तालुक्याच्या ठिकाणांचा नियम निराळा. लोकसंख्या भरायला लांबची शेतीवाडी जोडली असेल, तर त्या गावातले किती लोक शेतीवर जगतात ते आकड्यांनी मांडा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय परतू नका.