हीट रॅप, गंज आणि आपल्या प्रतिक्रियेतील एक वाक्य

सप्रेम नमस्कार.

टर्बो (एक्झॉस्ट वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) असलेल्या गाडीच्या डाउनपाइपला, म्हणजे टर्बोतून तप्त वायू बाहेर नेणाऱ्या पाइपाला, हीट रॅप, म्हणजे उष्णता रोखणारी पट्टी, गुंडाळण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. रॅप पाणी धरून ठेवतो आणि पाइप गंजवतो, टर्बाइनच्या (टर्बोतल्या, वायूने फिरणाऱ्या चाकाच्या) नंतरच्या पाइपाला तो लावून टर्बोला काहीच मिळत नाही, तेल गळल्यास आग लागू शकते, हे आपले आक्षेप. त्यांच्या शेवटी आपण लिहिता, ‘ज्याच्या हाताला कधी काजळी लागली नाही, त्याने नाशिककरांच्या गाड्यांवर प्रयोग सुचवू नयेत.’ हा आक्षेप नव्हे, शेरा आहे, आणि तो मला लागला.

माझ्या वडिलांचे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचे वर्कशॉप होते. शाळा सुटली की मी तिथे ग्राइंडर धरायला जात असे, आणि स्टेनलेस पाइपाच्या जोडाशेजारी उमटलेला रंग पाहून वेल्डिंगची उष्णता जास्त झाली की बेताची, हे ओळखायला तिथेच शिकलो. आजही माझ्या गाडीचा डाउनपाइप मीच उतरवतो. रॅप गुंडाळताना फायबरग्लासची कुसे मनगटात शिरून रात्रभर खाज सुटते, हे मला कुणाकडून ऐकावे लागलेले नाही. आपण माझे मत खोडून काढले असते, तर मी आनंदाने वाद घातला असता. मत बाजूला ठेवून माणसालाच खोडायचे, ही रीत मला मान्य नाही, आणि तुम्ही टोपणनावाआडून ती वापरावी हे तर मुळीच नाही.

आता गंज. पाइप माइल्ड स्टीलचा, म्हणजे साध्या, गंजणाऱ्या पोलादाचा असेल, तर आपले म्हणणे खरे आहे, आणि लेखात शेवटी आलेली ती सूचना मी सुरुवातीला घ्यायला हवी होती. मात्र लेख स्टेनलेस पाइपाबद्दल होता, आणि त्यातही फक्त बॉनेटखालच्या भागाबद्दल. पूर्ण भाराखाली पेट्रोल टर्बो इंजिनाचा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो. टर्बाइनमध्ये त्याचे तापमान उतरते, तरी त्यालगतचा पाइप इतका तापतो की कसाऱ्याच्या पावसात रॅप भिजला, तरी घाट चढेपर्यंत त्यातले पाणी वाफ होऊन गेलेले असते. गाडीच्या पोटाखालचा पाइप त्या मानाने थंड राहतो आणि रस्त्याचे पाणी थेट त्याच्यावर उडते. म्हणूनच तिथे रॅप लावू नका, असे मी स्पष्ट लिहिले होते. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडपर्यंतच गाडी नेणाऱ्यांचा रॅप ओला राहील हे खरे, पण त्यांना रॅप लावायला मी सांगितलेलेच नाही. आपण लेख पुरता वाचलात का, हा प्रश्न मला इथे विचारावासा वाटतो.

टर्बाइननंतरच्या पाइपाला रॅप लावून बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) लवकर मिळतो, असा दावा मी केलेलाच नाही. वायरिंग, रबरी होज आणि आत ओढली जाणारी हवा यांना उष्णतेपासून वाचवणे, एवढाच हेतू होता. तेलाचे म्हणाल, तर गळका टर्बो आधी दुरुस्त करावा, हे सांगण्यासाठी वेगळ्या लेखाची गरज नाही.

आपल्या गाडीचा पाइप कुजला, असे आपण लिहिले आहे. तो कोणत्या धातूचा होता आणि रॅप कुठपर्यंत होता, एवढे कळवावे. मग त्या पाइपाबद्दल नेमके उत्तर देता येईल.