दार उघडायला बोलावले होते, कुलूप फोडायला नव्हे

किल्ली सीटवर ठेवून मी गाडीचे दार लावून घेतले ही चूक माझी होती, आणि त्या चुकीचे पैसे मोजायला मी तयार होते. परंतु त्यानंतर जे घडले त्याला चूक म्हणत नाहीत, लबाडी म्हणतात. किल्लीवाल्याला बोलावताना फोनवर मी गाडीचे मॉडेल सांगितले, किल्ली काचेतून स्पष्ट दिसते आहे हे सांगितले आणि एकूण किती पैसे होतील असे दोनदा विचारले. जी रक्कम मला सांगण्यात आली ती केवळ येण्याची होती, हे मात्र किल्लीवाला गाडीपाशी उभा राहिल्यावर कळले. दार उघडण्याचे वेगळे, उशिराच्या वेळेचे वेगळे आणि कुलूप अवघड असल्याचे आणखी वेगळे, असे करत आकडा चौपट झाला. रस्त्यावर एकटी उभी असलेली, फोनची बॅटरी संपत आलेली बाई आता दुसऱ्या कोणाला बोलावणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. अडलेल्याला नाडण्याचा हा धंदा आहे आणि तो जाणूनबुजून केला जातो.

त्याने गाडीचे कागद मागितले नाहीत, ओळखपत्र मागितले नाही, गाडी तुमचीच आहे का असा साधा प्रश्नही विचारला नाही. याची मला त्या पैशांपेक्षा जास्त चीड आहे. माझ्या जागी एखादा चोर उभा असता, तर त्यालाही याने तितक्याच तत्परतेने दार उघडून दिले असते.

आणि उघडले तरी कसे? जाणता कारागीर दाराच्या वरच्या कडेत प्लॅस्टिकची पाचर सरकवतो, फटीत हवेची रिकामी पिशवी घालून ती हळूहळू फुगवतो आणि बोटभर जागा झाली की लांब सळईने आतली कडी ओढतो किंवा लॉकचे बटण दाबतो. रंगाला ओरखडासुद्धा येत नाही. नाहीतर बारीक हत्याराने कुलपातल्या पट्ट्या एकेक करून जागेवर आणतो. या गृहस्थाने काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी खाली खुपसली. जुन्या, साध्या दारांसाठीची ती पद्धत आहे. आताच्या दारांत वायरी असतात आणि काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सरही असतात. पट्टीने काम होईना तेव्हा त्याने सरळ ड्रिल काढले. "दुसरा उपायच नाही," असे तो म्हणाला. उपाय होता, त्याला तो येत नव्हता, आणि स्वतःचे अज्ञान त्याने माझ्या कुलपाला भोक पाडून झाकले.

एवढ्यावरही तो थांबला नाही. किल्लीत चिप असते, ती आता चालणार नाही, नवी बनवून गाडीशी जुळवून घ्यावी लागेल, असे त्याने मला ठासून सांगितले. चिपचा संबंध इंजिन सुरू होण्याशी असतो. दाराच्या कुलपाला भोक पडल्याने ती बिघडत नाही. सीटवरची तीच किल्ली फिरवून मी त्याच्यासमोर गाडी सुरू केली, तरीही त्याने बिलातली एक ओळ कमी केली नाही. कामाचे स्वरूप आणि गाडीचा क्रमांक लिहिलेली पावती मागितली, तर पावतीपुस्तक आणले नाही असे उत्तर मिळाले. पैसे मात्र तिथल्या तिथे हवे होते, आणि तेही रोख. त्या रात्रीपासून चालकाच्या बाजूची काच खाली होत नाही, आणि ज्या क्रमांकावर पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला होता, तिथे आता कोणीही माझा फोन उचलत नाही.