‘टू’ दिसला की मूळ क्रियापद? हा नियम खोडा

मुलाखती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ‘जेरंड-इन्फिनिटिव्हचे सोनेरी नियम’ असा मेसेज फिरतोय. जेरंड म्हणजे ‘आयएनजी’ लावून नाम झालेलं क्रियापद (‘हिअरिंग’), इन्फिनिटिव्ह म्हणजे ‘टू’सकट मूळ क्रियापद (‘टू हिअर’). मेसेजचं म्हणणं असं: ‘टू’नंतर नेहमी मूळ क्रियापद, ‘आयएनजी’ लावलं की चूक, एरवी दोन्ही रूपांचा अर्थ एकच, कुठलंही वापरा, ‘आयएनजी’ दिसलं की चालू काळ, आणि ‘टू’शिवाय दुसरं क्रियापद जोडता येत नाही. हे पाठ करून मुलं बरोबर लिहिलेली वाक्यं खोडायला लागली आहेत, म्हणून हे लिहितेय.

पहिला नियम सगळ्यांत घातक. इंग्रजीत ‘टू’ दोन तऱ्हेचा असतो. ‘आय वेंट टू दादर टू बाय फ्लॉवर्स’ या वाक्यात दोन्ही आहेत: दादरआधीचा प्रिपोझिशन (नामाआधी येणारं शब्दयोगी अव्यय), ‘बाय’आधीचा इन्फिनिटिव्हचा. प्रिपोझिशननंतर नाम लागतं; तिथे क्रियापद आणायचं तर ‘आयएनजी’ लावून त्याचं नाम करावं लागतं. म्हणून अर्जाच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हेच बरोबर. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ यांचंही तसंच. शंका आली तर ‘टू’पुढे साधं नाम ठेवून बघा. ‘लुक फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू’ चालतं, ‘वाँट टू द इंटरव्ह्यू’ चालत नाही. म्हणून ‘वाँट टू मीट’, पण ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग’.

‘यूज्ड टू’मध्ये तर अर्थच पालटतो. विरारहून चर्चगेटला मुलाखतीला आलेली मुलगी ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हलिंग बाय लोकल’ म्हणाली, तर तिला लोकलची सवय आहे. ‘आय यूज्ड टू ट्रॅव्हल बाय लोकल’ म्हणाली, तर पूर्वी करायची, आता करत नाही. मेसेजवर विश्वास ठेवला तर तिच्या तोंडून ‘आय ॲम यूज्ड टू ट्रॅव्हल’ निघेल आणि सवय सांगायची राहूनच जाईल.

‘अर्थ एकच’ हे ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ यांच्याबाबत बहुतेक वेळा खरं आहे, तेवढं मान्य. पण ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांना जेरंडच लागतो. ‘डिसाइड’, ‘होप’, ‘रिफ्यूज’ यांना इन्फिनिटिव्ह. आणि डॉक्टरांना ‘ही स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन’ सांगितलं तर रुग्णाने औषध बंद केलंय. ‘ही स्टॉप्ड टू टेक द मेडिसिन’ म्हटलं तर तो औषध घेण्यासाठी थांबला. ‘रिमेंबर टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायला विसरू नकोस. ‘आय रिमेंबर लॉकिंग इट’ म्हणजे लावल्याचं मला आठवतंय. इथे ‘कुठलंही वापरा’ असं शिकवणं हा निष्काळजीपणा आहे.

तिसरा नियम रस्त्यावरच्या ‘नो पार्किंग’च्या पाटीपुढेही टिकत नाही. त्यात कुठलाच काळ नाही, नुसतं क्रियेचं नाव आहे. ‘शी इज कलेक्टिंग स्टँप्स’ हा चालू काळ. ‘हर हॉबी इज कलेक्टिंग स्टँप्स’ मध्ये तेच रूप जेरंड आहे, कारण छंद काही तिकिटं गोळा करत नाही.

राहिला चौथा. ‘लेट’ आणि ‘मेक’नंतर ‘टू’ येत नाही: ‘दे मेड मी वेट’, ‘लेट हिम गो’. ‘दे मेड मी टू वेट’ ही चूक या मेसेजने आणखी पक्की केली आहे. वाक्य पॅसिव्ह केलं की मात्र ‘मेक’ला ‘टू’ लागतो: ‘आय वॉज मेड टू वेट’.