आता या वयात कशाला?

साठी उलटलेल्या बाईनं पोहण्याचा क्लास लावला की सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला, "आता या वयात कशाला?" तबला शिकायचाय म्हटलं, तरी तेच. हरिश्चंद्रगडाला निघाले, तरी तेच, आणि वर "गुडघे सांभाळा हं काकू!" अहो, गुडघे माझे आहेत, डॉक्टरांना विचारून निघालेय मी! नातवंडांना शाळेतून आणायला, लग्नघरात दिवसभर राबायला मात्र वय आड येत नाही. तेव्हा कौतुक, "काय उत्साह आहे तुमचा!"

आणि हे ऐकायचं कुठे, तर पुण्यात! इथलेच महर्षी कर्वे 1929 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर परदेश दौऱ्यावर निघाले होते. परत येऊन आरामखुर्चीत बसले नाहीत, 1936 मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ काढलं. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी 2018 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी साक्षरतेची परीक्षा दिली, 100 पैकी 98 गुण मिळवले. त्यांनाही कुणी विचारलंच असेल.

सगळ्यात जास्त चीड येते ती आमच्याच वयाच्या मंडळींची. "आपलं काय राहिलंय आता?" म्हणे. माझ्या एका मैत्रिणीला आयुष्यभर गाणं शिकायचं होतं. पेटी माळ्यावर पडून आहे. सुनेनं स्वतःहून क्लासची चौकशी केली, तर हिनंच नको म्हटलं. का, तर लोक हसतील! गळा इतका गोड आहे हो तिचा. हसू दे की लोकांना!