पाच किलोमीटरचं वर्तुळ मारून दवाखान्याची जागा ठरत नाही

सध्या एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांतून फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दवाखाना, शाळा, गोदाम कुठे काढायचं हे ठरवायला भौगोलिक डेटाबेस (गावं, रस्ते, हद्दी त्यांच्या नकाशावरच्या जागेसकट साठवणारी संगणकातली नोंद) लागत नाही. फोनमधला नकाशा उघडा, पाच किलोमीटरचं वर्तुळ मारा, आतल्या गावांची लोकसंख्या एक्सेलमध्ये जोडा, गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. जॉन स्नो या डॉक्टरने 1854 साली लंडनमध्ये कॉलऱ्याचं मूळ कागदावर खुणा करून शोधलं, त्याच्याकडे कुठे संगणक होता? बाकी सगळा सल्लागारांचा धंदा आहे.

मजकुरात एक-दोन खऱ्या गोष्टीही आहेत, म्हणून तो पटतो. मी आरोग्य केंद्रांपुरतंच बोलतो, कारण तिथे चुकलेल्या जागेची किंमत बाळंतीण आणि साप चावलेला माणूस मोजतो.

‘पाच किलोमीटरचं वर्तुळ पुरेसं आहे.’

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये फक्त वाशिष्ठीची खाडी आहे. वर्तुळाच्या हिशेबात ही दोन्ही गावं एकाच केंद्राची. दिवसा फेरीबोटीने ते खरंही आहे. रात्री बोट बंद झाली की चिपळूणच्या बाजूने खाडीला वळसा घालावा लागतो, आणि रुग्ण काही वेळ बघून आजारी पडत नाही.

सह्याद्रीच्या कड्याशी तर वर्तुळाला अर्थच राहत नाही. कर्जत तालुक्यातलं खांडस आणि वरचं भीमाशंकर यांच्यात सरळ रेषेने दहा किलोमीटरसुद्धा नाहीत. गणेश घाटाने माणूस चढून जातो. गाडीला मात्र कर्जत, खोपोली, लोणावळा, राजगुरुनगर असं दीडशे किलोमीटरहून जास्त फिरावं लागतं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या तापोळा-बामणोली भागात लाँच हाच अनेकांचा रस्ता आहे. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पुलावर आला की अंतर कितीही असो, पलीकडे जाताच येत नाही, असं वर्षानुवर्षं होत आलं आहे.

अंतर रस्त्याने मोजायचं, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतं हे धरून मोजायचं. त्यासाठी रस्ते एकमेकांना जोडलेल्या जाळ्याच्या रूपात साठवावे लागतात. प्रत्येक तुकड्याला लांबी, अंदाजे वेग आणि ‘पावसाळ्यात बंद’ अशी नोंद असते. मग तोच प्रश्न मे महिन्यासाठी आणि जुलैसाठी वेगळा विचारता येतो. पोस्टजीआयएस हा भौगोलिक डेटाबेस आणि त्यासोबत चालणारं, रस्त्यांच्या जाळ्यावर वाट शोधणारं पीजीराउटिंग हेच करतात. वर्तुळाला खाडी दिसत नाही, कडा दिसत नाही, पूरही दिसत नाही.

‘जॉन स्नोने तर कागदावरच केलं.’

हो, केलं. पण काय केलं ते नीट बघू. ज्या पाण्याच्या पंपातून कॉलरा पसरला, त्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्याने वर्तुळ काढलं नाही. पुढच्या वर्षी चौकशी समितीच्या अहवालासाठी केलेल्या नकाशात त्याने एक वेडीवाकडी रेषा आखली. त्या रेषेवरच्या कुठल्याही जागेपासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा एखादा पंप, दोन्ही सारख्याच अंतरावर होते, आणि हे अंतर त्याने गल्ल्यांतून चालत जायच्या वाटेने मोजलं होतं. आज जाळ्यावर जे गणित करतो, तेच त्याने एका वस्तीपुरतं हाताने केलं. ज्याचा दाखला देऊन वर्तुळाचं समर्थन चाललं आहे, त्यानेच 1855 मध्ये वर्तुळ नाकारलेलं आहे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पंपाच्या अगदी जवळ असलेल्या दारूभट्टीत कामगार का मेले नाहीत, हे नुसत्या नकाशाने सांगितलं नसतं. त्यांना तिथे बिअर मिळत होती आणि आवारात स्वतःची विहीर होती, हे तिथे जाऊन विचारल्यावर कळलं. स्थानिक माहिती आणि मोजलेलं अंतर यांपैकी स्नोने एकही सोडलं नाही.

‘गावातला जाणता माणूस सगळं सांगतो.’

पुष्कळ सांगतो, आणि त्याला न विचारता ठरवलेली जागा मलाही मान्य नाही. पण तो बहुधा गावठाणात राहतो. जनगणनेची आकडेवारी महसुली गावाची असते आणि नकाशावर गावाचा बिंदूही साधारण गावठाणावरच पडतो. जव्हार-मोखाड्याकडे एका महसुली गावात कितीतरी पाडे असतात, दूरदूर पसरलेले. गावठाणापासून केंद्र जवळ आहे एवढ्यावर सगळं गाव ‘सोय झाली’ या रकान्यात जातं आणि शेवटचा पाडा कागदावरून पुसला जातो. आशाताईला कुठला ओढा कधी अडवतो हे ठाऊक असतं. ती माहिती बैठकीत बोलून विरून जाऊ नये, त्या रस्त्याच्या तुकड्यावर नोंद होऊन राहावी, यासाठीच डेटाबेस हवा.

शिवाय केंद्राच्या जागेचा शेवटचा निर्णय पुष्कळदा ‘जमीन कोणी दिली’ यावर होतो. जमीन फुकट मिळणं हे कारण मी खोटं म्हणत नाही. पण त्या जमिनीमुळे कोणते पाडे अर्ध्या तासाच्या बाहेर राहतात, ती यादी ठराव होण्याआधी समोर असायला हवी.

‘लोकसंख्येचा निकष आहेच.’

आहे. सपाट भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्राला 5,000 आणि 3,000. हा निकष किती केंद्रं ते सांगतो, कुठे ते सांगत नाही.

आणि ‘कुठे’ याचं एकच उत्तर नसतं. सगळ्यांचं सरासरी अंतर कमी करायचं, की सर्वांत लांबच्या माणसाचं अंतर कमी करायचं? हाकिमी या संशोधकाने 1964 मध्ये जाळ्यावरचे हे दोन प्रश्न वेगवेगळे मांडले. ठरावीक अंतराच्या आत जास्तीत जास्त माणसं यावीत, हा तिसरा प्रश्न चर्च आणि रेव्हेल यांनी 1974 मध्ये मांडला. त्याच तालुक्यात, त्याच माहितीवर ही तीन गणितं तीन वेगळ्या जागा दाखवू शकतात. सरासरी घेतली की मोठं बाजाराचं गाव जिंकतं. लांबच्या माणसाकडे पाहिलं की जागा डोंगराकडे सरकते. त्यामुळे ‘संगणक जागा ठरवतो’ ही भीतीही निराधार आहे. यांतला कोणता प्रश्न आपला, हे माणसांनीच ठरवायचं आणि उघडपणे लिहून ठेवायचं. वर्तुळ मारणाऱ्याने ही निवड केलेलीच असते, फक्त ती कुणाला दिसत नाही.

‘अक्षांश-रेखांश एक्सेलमध्ये टाकले की झालं.’

वीस गावांसाठी चालेल. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं अठराशेच्या वर. प्रत्येक गावासाठी प्रत्येक केंद्र तपासायचं तर सात कोटींहून जास्त जोड्या होतात. अवकाशीय निर्देशांक (कोणती गोष्ट नकाशावर कुठे आहे याची सूची) लावलेला डेटाबेस आधी जवळपासच्या चौकटीत कोण आहे तेवढंच बघतो आणि बाकीच्यांना हातही लावत नाही.

पण खरा फरक चुका सापडण्यात आहे. पुण्याचे अक्षांश-रेखांश उलटसुलट भरले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. एक्सेलला त्यात काही वावगं वाटत नाही, दोन्ही आकडेच. डेटाबेसला एक ओळ विचारता येते: ज्या तालुक्याचं नाव लिहिलं आहे, त्याच्या हद्दीत न पडणारे बिंदू दाखव. हे काम करणाऱ्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा ही ओळ चालवली की यादी रिकामी येत नाही. आणखी एक खास आपल्याकडची अडचण: 78 अंश रेखांश महाराष्ट्रातून जातो. मीटरमध्ये मोजायला पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे जे यूटीएम पट्टे वापरतात, त्यांत अमरावती 43 क्रमांकाच्या पट्ट्यात येते आणि वर्धा 44 च्या. पट्ट्याची नोंद न ठेवता दोन जिल्ह्यांचे आकडे एकत्र केले तर अंतरं चुकतात.

‘हा सगळा पैसे उकळण्याचा धंदा आहे.’

पोस्टजीआयएस 2001 पासून आणि नकाशे बघायचं-बनवायचं क्यूजीआयएस 2002 पासून मुक्त आहे. एक रुपयाही लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातले रस्ते उतरवून घेता येतात. फेब्रुवारी 2022 मध्ये ग्रामविकास मंत्रालयाने प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची भौगोलिक माहिती खुली केली: आठ लाखांहून जास्त ग्रामीण सुविधा, दहा लाखांहून जास्त वस्त्या, पंचवीस लाख किलोमीटरहून अधिक रस्ते. त्यात वस्त्या वेगळ्या नोंदलेल्या आहेत. सल्लागाराने फुगवलेलं बिल दाखवलं तर जरूर भांडा, मीही सोबत आहे. खर्च लागतो तो पाड्यापाड्यावर जाऊन माहिती तपासण्याला, आणि तो वाचवू नये.

फोनमधला नकाशा मी स्वतः रोज वापरतो. ‘इथून तिथे कसं जाऊ’ याला तो चोख उत्तर देतो. ‘जुलैमध्ये कोणत्या पाड्यांना पाऊण तासात एकही केंद्र गाठता येत नाही’ हे त्याला विचारायची सोयच नाही. हीच यादी केंद्राची जागा ठरवणाऱ्या ग्रामसभेच्या आठ दिवस आधी, पाड्यांच्या नावानिशी, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.