कुलूप खरं होतं, तरी चोरी झाली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑनलाइन खरेदी सुरक्षित करण्याचं काम अजून का पुरं झालं नाही, या माझ्या लेखावर तुम्ही कडक शब्दांत पण मनापासून लिहिलंत. तुमचं म्हणणं असं : एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती गुप्त किल्लीने सांकेतिक करून पाठवण्याचा, प्रश्न केव्हाच सुटला, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की माहिती सुरक्षित, तरीही चोऱ्या होतात त्या प्रोग्रामरच्या आळसामुळे, आणि ‘हे काम अवघड आहे’ असं सांगून मी सॉफ्टवेअर कंपन्यांना पळवाट काढून देतो आहे.

कुलपाबद्दलचं तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. त्या कुलपामागची एन्क्रिप्शनची पद्धत म्हणजे टीएलएस, आणि 2018 साली आलेली तिची 1.3 ही आवृत्ती खरोखर भक्कम आहे. मात्र तिथवर पोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. 1995 मध्ये इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅगनर या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी त्या काळच्या नेटस्केप ब्राउझरचं एन्क्रिप्शन फोडलं, ते गणिताला हात न लावता. गुप्त किल्ली ज्या यादृच्छिक संख्येतून बनायची, ती संख्या घड्याळातली वेळ आणि संगणकावर चालू असलेल्या प्रोग्रामचे (प्रोसेसचे) क्रमांक यांवरून काढली जात होती. या गोष्टींचा अंदाज बांधता येतो, म्हणून किल्लीचाही बांधता आला.

आता कुलपाच्या पुढे जाऊ. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरून लाखो ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. पानावर आधीपासून असलेल्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये (स्क्रिप्टमध्ये), चोरांनी 22 ओळी घातल्या होत्या. ग्राहकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं की त्याने भरलेला सगळा तपशील चोरांच्या सर्व्हरवर पोचायचा. त्या सर्व्हरलाही कुलपासाठी लागणारं रीतसर प्रमाणपत्र होतं! म्हणजे दुकानाकडे जाणारी वाट एन्क्रिप्टेड आणि चोराकडे जाणारीही एन्क्रिप्टेड. वाटेत कुणी ऐकत नाही याची हमी कुलूप देतं, आणि ती हमी त्या दिवशीही पाळली गेली. पण पानावर भरलेली माहिती त्याच पानात चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला सहसा वाचता येते. खरेदीच्या पानावर जाहिरातीची, आकडेवारीची, मदतीच्या चॅटची अशा कितीतरी परक्या स्क्रिप्ट असतात. त्यांतली एखादी रात्रीत बदलली, तर दुकानाच्या स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षरही हललेलं नसतं.

आता आळसाबद्दल. तुम्ही स्वतः या क्षेत्रात काम करता, म्हणून एक उदाहरण जरा खोलात जाऊन सांगतो. 2011 मध्ये इंडियाना विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च इथल्या संशोधकांनी दुकानांची तयार सॉफ्टवेअर आणि पैसे घेणाऱ्या सेवा यांची जोडणी तपासली. एका प्रकारात ग्राहक दुकानात ऑर्डर नोंदवतो आणि पैसे भरायला अ‍ॅमेझॉनच्या सेवेकडे जातो. त्या सेवेवर विक्रेता म्हणून कुणालाही खातं उघडता येत होतं. लबाड ग्राहक तसं खातं उघडतो, पैसे स्वतःच्याच खात्यात भरतो आणि पावती मात्र दुकानाकडे पाठवायला लावतो. पावतीवर अ‍ॅमेझॉनची डिजिटल सही खरी, ऑर्डरचा क्रमांक खरा, रक्कमही खरी. दुकान सही तपासतं, ऑर्डर ‘पैसे मिळाले’ म्हणून नोंदवतं आणि माल पाठवतं. पैसे कुणाला मिळाले, हे तपासायचं राहून गेलं.

यात आळशी कोण? सेवा लिहिणाऱ्याने सही चोख केली, दुकान लिहिणाऱ्याने ती चोख तपासली. प्रत्येकाने दुसऱ्याबद्दल एक गोष्ट गृहीत धरली, आणि ते गृहीतक कुठेही लिहिलेलं नव्हतं. शिवाय दोघांमधला निरोप ग्राहकाच्या ब्राउझरमधून जात होता, म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही त्याच्याच हातून. एका खरेदीत ब्राउझर, दुकान, गेटवे (पैसे घेणारी सेवा), दोन बँका आणि कार्डाचं नेटवर्क एवढे जण असतात. अख्खा व्यवहार एकालाही दिसत नाही. अवघड काम म्हणतो ते हे, आणि चांगला प्रोग्रामर नेमून ते आपोआप होत नाही. आपल्या बाजूच्या चाचण्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, असतात.

पळवाटीचा आरोप मला लागला, कारण माझं म्हणणं याच्या उलट आहे. 1997 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या ‘सेट’ नावाच्या पद्धतीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात दुकानाला ऑर्डर दिसायची पण कार्डाचा नंबर वाचता येण्याची गरज नव्हती. बँकेला कार्ड दिसायचं पण खरेदीचा तपशील नाही. कल्पना सुंदर होती, आजही वाचताना आदर वाटतो. पण ग्राहकाने वेगळं सॉफ्टवेअर बसवायचं, स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र घ्यायचं, दुकानांनी आणि बँकांनी नव्या यंत्रणा उभारायच्या. एवढा भार उचलायला लोक तयार झाले नाहीत, आणि ग्राहकाकडून काहीच न मागणारं एसएसएल (टीएलएसचं आधीचं रूप) जिंकलं. पुढे 3-डी सिक्युअर या, पैसे भरताना बँकेकडून ग्राहकाची ओळख पटवून घेणाऱ्या, पद्धतीत ओळख पटवलेल्या व्यवहारात फसवणूक झाली, तर नुकसान सहसा दुकानाऐवजी कार्ड देणाऱ्या बँकेवर जाईल असा नियम आला, तेव्हा दुकानांना ते वापरण्याचं कारण मिळालं. नुकसान कुणाच्या खात्यावर पडणार हे ठरलं की काम हलतं. म्हणूनच कंपन्यांवर ही जबाबदारी नियमाने टाकली पाहिजे असं मी लेखात लिहिलं होतं, आणि त्या वाक्यावर मी ठाम आहे.

ग्राहकांनी वाटेल तिथे क्लिक करू नये, हा तुमचा शेवटचा सल्ला ठीक आहे. मात्र ब्रिटिश एअरवेज आणि अ‍ॅमेझॉनच्या सेवेच्या वरच्या दोन्ही उदाहरणांत प्रामाणिक ग्राहकाकडून काहीच चुकलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, मग प्रोग्रामरने नेमकं करायचं काय. ब्राउझरमार्फत आलेल्या ‘पैसे भरले’ या निरोपावर माल सोडू नका. तुमच्या सर्व्हरने गेटवेच्या सर्व्हरला थेट विचारावं : ही ऑर्डर, ही रक्कम, हे चलन, आणि पैसे घेणारे आम्हीच ना? तोच व्यवहार दुसऱ्या ऑर्डरसाठी पुन्हा वापरला जात नाही ना, हेही बघावं. पैसे भरण्याच्या पानावरच्या स्क्रिप्टची यादी ठेवणं, प्रत्येकीचं कारण लिहिणं आणि त्यांतले बदल पकडणं हे पीसीआय डीएसएस या, कार्डांची माहिती हाताळणाऱ्यांसाठीच्या, सुरक्षा नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत आलं असून 31 मार्च 2025 पासून ते बंधनकारक आहे. तुमच्या कंपनीत ही यादी कोण सांभाळतं, ते एकदा विचारून बघा. उत्तर काय मिळालं ते इथे लिहिलंत, तर पुढची चर्चा तिथूनच सुरू करू.