अडत, तीस टक्के आणि 'गळे काढणारे' गेमवाले: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेममधल्या खरेदीतून ॲपल आणि गूगलची ॲपची दुकानं तीस टक्क्यांपर्यंत कमिशन कापतात; त्यावरून गेमवाल्यांची जी भांडणं चालली आहेत, त्यावरच्या माझ्या लेखाखाली 'मार्केट यार्ड' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ती अशी: "दुकान त्याचं, तर अडत त्याची. यार्डात हळद आणणारा शेतकरी रडत नाही, मग तुम्ही गेमवाले कशाला गळे काढता? आता १५ टक्केच आहेत. नाही पटत तर स्वतःचं बिलिंग लावा. आणि फोर्टनाइट २०२१ ला नाही, २०२० ला काढलं. आधी अभ्यास करा."

आधी चूक कबूल करतो. एपिक कंपनीचा फोर्टनाइट हा गेम दोन्ही दुकानांतून (ॲपलचं ॲप स्टोअर, गूगलचं प्ले) काढला गेला तो १३ ऑगस्ट २०२० ला. २०२१ चा सप्टेंबर हा एपिकने ॲपलविरुद्ध केलेल्या खटल्याच्या निकालाचा. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. पण एक साल चुकलं म्हणून "आधी अभ्यास करा"? साहेब, दहा वर्षांहून जास्त काळ सांगलीत बसून प्ले कन्सोलमधले (गूगलचं गेमवाल्यांसाठीचं हिशेबाचं पान) कपातीचे तक्ते बघतोय. कुणी कुणाला अभ्यास शिकवायचा ते राहू दे. "गळे काढता" हे तर घरातल्या पोराला दटावल्यासारखं झालं. नाव न लिहिता असं बोलणं सोपं असतं, एवढंच म्हणतो.

आता अडत. उदाहरण तुम्हीच काढलंत, तर नीट बघू.

शेतकरी हळद आणतो, ढीग लागतो, खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतात, बोली होते, तोल होतो, पट्टी हातात पडते. अडत, हमाली, तोलाई जे काही असेल ते त्या एका सौद्याचं. तोच व्यापारी पुढच्या वर्षी थेट रानात येऊन माल बघून गेला, तर त्यात अडत्याचा हिशेब नसतो. गेमचं तसं नाही. खेळणाऱ्याने गेम एकदा फुकट उतरवला. तीन वर्षांनी तो ८० रुपयांची नाणी घेतो. त्या नाण्यांमागचा सर्व्हर माझा, नवीन लेव्हल माझ्या, तक्रार आली तर उत्तर देणारा मी. कपात मात्र पहिल्या दिवशीसारखीच.

आणि ही अडत सगळ्यांना सारखी असती तरी समजून घेतलं असतं. त्याच दुकानातून उतरवलेल्या ॲपवर तुम्ही किराणा मागवा, टॅक्सी बोलवा, जेवण मागवा, दुकानदार त्यातला एक पैसा कापत नाही. जागा तीच, फोन तोच. कमिशन लागतं ते डिजिटल मालाला. एकाच गाळ्यात गूळवाल्याला शून्य आणि हळदवाल्याला तीस, असं यार्डात चालेल का? दुसऱ्या दिवशी सौदे बंद पडतील.

पण टक्क्यांपेक्षाही मोठी गोष्ट तुमच्या त्या एका वाक्यात दडून गेली. "हाच माल माझ्या घरी स्वस्त मिळतो" हे गिऱ्हाईकाला सांगायचं नाही, असं अडत्या कधी म्हणतो का? पोत्यावर शेतकऱ्याने आपला नंबर लिहिला तर अडत्या पोतं बाहेर फेकतो का? ॲपलच्या नियमात नेमकं तेच होतं: ॲपमध्ये बाहेरच्या खरेदीचं बटण नाही, दुवा नाही. एपिकचे बहुतेक दावे २०२१ मध्ये फेटाळले गेले, हे मी मूळ लेखातच लिहिलं होतं (वाचला असेल तर). पण न्यायाधीश इव्होन गोन्झालेझ रॉजर्स यांनी तोंड बंद ठेवायची ही अट मात्र उडवली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही बाजूंची अपिलं ऐकायला नकार दिला. त्यावर ॲपलने काय केलं? दुवा द्या म्हणाले, पण त्या दुव्यावरून झालेल्या विक्रीवर २७ टक्के. त्यात कार्ड वटवायचे तीनेक टक्के मिळवा. पुन्हा तीसच! ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायाधीशांनी हा कोर्टाच्या आदेशाचा अवमान ठरवला.

यार्डातला शेतकरी रडत नाही म्हणता? २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, ते कुणी ओरड केली म्हणूनच ना? तेव्हा तुम्ही कुठल्या गावी होतात?

"स्वतःचं बिलिंग लावा", म्हणजे गूगलऐवजी गिऱ्हाईकाचे पैसे आपल्याच सोयीने घ्या, हे वाचून मात्र हसू आलं. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लेच्या बिलिंगवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला (अपिलात तो पुढे २१६.६९ कोटींवर आला). त्यानंतर भारतात दुसरं बिलिंग लावायची मुभा मिळाली, पण सवलत किती? चार टक्के. १५ चे ११, ३० चे २६. पेमेंट गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. अकरात मिळवा: १३.३६. शंभरामागे वाचले १ रुपया ६४ पैसे. महिन्याला ५० हजारांची विक्री असेल तर ८२० रुपये. त्यासाठी प्रत्येक बाहेरची खरेदी २४ तासांच्या आत गूगलला कळवायची, परतावे आपण बघायचे, बिलं आपण करायची, पैसे कापले आणि नाणी आली नाहीत असे फोन आपणच घ्यायचे. हे कुणी लावायचं, तुम्हीच सांगा.

नवखे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी: गूगलच्याच बिलिंगमध्येही एक खड्डा आहे. खरेदी पूर्ण झाल्यावर तीन दिवसांत ॲपने ती अकनॉलेज केली नाही (म्हणजे गूगलला पोच दिली नाही), तर पैसे आपोआप परत जातात. यूपीआयवर हे हमखास होतं. माणूस पैसे मंजूर करायला दुसऱ्या ॲपमध्ये जातो, मधेच गेम बंद पडतो, खरेदी 'पेंडिंग'मधून पुढे सरकते तेव्हा ऐकायला कुणी नसतं. म्हणून गेम परत उघडला की दर वेळी जुन्या खरेद्या तपासायच्या, फक्त खरेदीच्या क्षणी नाही. हे केलं नाही तर नाणीही पोचत नाहीत आणि पैसेही परत जातात.

राहिले ते १५ टक्के. ते आपोआप मिळत नाहीत. प्लेवर अकाउंट ग्रुप करून आपली सगळी जोडखाती दाखवावी लागतात आणि अटी मान्य कराव्या लागतात. मग वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५. ॲपलकडे वेगळा अर्ज, आणि मंजुरी ज्या आर्थिक महिन्यात मिळाली तो संपल्यावर १५ दिवसांनी नवा दर. अर्ज न करता तीस भरणारे आपल्याकडे आजही सापडतील. शिवाय २०२१ मध्ये हे दर खाली आले ते खटले आणि आरडाओरड सुरू झाल्यावर. म्हणजे ज्यांना तुम्ही गळे काढणारे म्हणता, त्यांच्यामुळेच. यावर जास्त लिहीत नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. नावानिशी लिहिलीत तर मीही जरा सबुरीने उत्तर देईन.